अप्रिय पात्रे : कलास्वादातील स्थान

कलेतील नावडती पात्रे आणि क्रोध, भय, किळस या भावनांचे मोल वणी परिसरात चांगले कळते. जवळच्या सप्तशृंगगडावर अठरा भुजांची देवी आहे आणि तिच्याकडे नेणाऱ्या पायऱ्यांच्या पायथ्याशी तिने मारलेल्या महिषासुराचे शिर. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातील बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातही देवांसोबत रावण, महिषासुर यांची सोंगे नाचतात. हा विधी आहे, कला नव्हे, असा आक्षेप येईल. पण मुखवटा, ताल आणि प्रेक्षक असताना विधीतला कलाभाग नाकारता येत नाही. असुर दुबळा नाचला तर देवीचा विजयही फिका पडतो. नाट्यशास्त्रानेही आठ रसांत रौद्र, भयानक व बीभत्स यांना जागा दिली, ती शृंगाराच्या बरोबरीने.

दुर्जन रंगवल्याने दुर्वर्तनाला मान मिळतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर (1972) अशीच टीका झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. मात्र नाटक सखारामला निर्दोष ठरवत नाही. त्याच्या रोखठोकपणाची भुरळ पडू लागते, तेवढ्यात त्यामागचा जुलूम दिसतो. आणि शेवटी त्याच्या घरात राहणाऱ्या चंपाचा त्याने केलेला खून झाकायला पुढे होते ती त्याच घरातली देवभोळी लक्ष्मी. प्रेक्षकाने जिला सज्जन मानले, तिच्यातलाच हा थंडपणा सखारामच्या शिव्यांपेक्षा अधिक हादरवतो. आवडण्याजोग्या पात्रांपुरतेच थांबणाऱ्या नाटकाला हे दाखवता आले नसते. आस्वाद म्हणजे संमती नव्हे. पात्राचे मन आतून समजले तरी त्याच्या कृत्याचा निवाडा प्रेक्षकाकडेच राहतो.