रंगभवन ते बदलापूर : परतीच्या लोकलचा रॉक-इतिहास

१/ मुंबईतील रॉक संगीताचा इतिहास बहुधा कुलाब्यापासून सांगितला जातो. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट तिथल्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये वाजवून गेले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. आज हाच इतिहास मध्य रेल्वेच्या दुसऱ्या टोकाकडून पाहू. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथे राहणारा श्रोता या संगीतापर्यंत पोहोचला कसा?

२/ उत्तर रुळांवर आहे. १८५६ मध्ये कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंत लोहमार्ग गेला, त्याच मार्गावर ही गावे आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ शिलाहारकालीन शिवमंदिराचे गाव, पुढे कारखान्यांचे. व्हीटीपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर, बदलापूर ६८ च्या आसपास. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

३/ मराठी घरात रॉक पहिल्यांदा शिरले ते अनेकदा नाटकाच्या दारातून. १९७० आणि १९७१ च्या 'सिमला बीट' स्पर्धा एका सिगारेट कंपनीने भरवल्या होत्या आणि त्यांचे जग इंग्रजी होते. परंतु आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे त्याच दशकात 'अॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडमध्ये गात होते. १९७८ मध्ये जब्बार पटेल यांनी पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणले, तेव्हा त्यात नंदू भेंडे रॉकच्या ढंगात गायले. लावणी आणि नाट्यपदांवर वाढलेल्या प्रेक्षकाने तो आवाज ऐकला आणि नाटक उचलून धरले. मराठी रॉकचा इतिहास लिहिणाऱ्याने हा प्रयोग तळटीपेत टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

४/ आता कॅसेट. ऐंशीच्या दशकात परदेशी बँडची मूळ कॅसेट आमच्या वर्गात एखाद्याकडेच असे, तीही कुणाच्या आखाती देशातल्या काकांनी आणलेली. मग तिची प्रत, प्रतीची प्रत. चौथ्या हातापर्यंत गिटारपेक्षा खरखर मोठी होई. ९० मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला एक अल्बम आणि दुसऱ्या बाजूला दुसरा बसवायचा, म्हणून ४५ व्या मिनिटाला शेवटचे गाणे निर्दयपणे तुटे. काही गाण्यांचा शेवट मी वीस वर्षांनी ऐकला! आमचा टेपरेकॉर्डर अर्थातच उल्हासनगरच्या बाजारातला. तिथल्या मालावरील 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद तेव्हाही जुनाच होता.

५/ १९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि कामा रुग्णालय यांच्या शेजारचे हे खुले नाट्यगृह. १९७८ पासून 'जॅझ यात्रा'ही इथेच गाजली होती. आमच्यासाठी मात्र रंगभवनाचे महात्म्य भौगोलिक होते. व्हीटी हे लोकलचे शेवटचे स्थानक आणि तिथून रंगभवन चालत दहा-पंधरा मिनिटांवर. बदलापूरला बसलेला मुलगा गाडी न बदलता, रिक्षाला एक पैसा न देता रॉकच्या दारात उतरत असे. अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या मुलाइतकीच ही सोय त्यालाही होती.

६/ ऑगस्ट महिना, वर उघडे आकाश, पाऊस ठरलेला. काळे टी-शर्ट भिजून जड होत. १९८४ मध्ये स्थापन झालेला 'रॉक मशीन' हा त्या काळचा मोठा बँड. इतर बँड परदेशी गाण्यांच्या नकला करत असताना त्यांनी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक एन रोल रेनेगेड' हा अल्बम काढला, १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. समोरच्या गर्दीला मात्र नकलाच हव्या असत. मीही त्या गर्दीत होतो, हे कबूल करतो.

७/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी खरी गंमत पुढे आहे. दूरच्या श्रोत्याला शेवटची गाडी गाठायची असे. मुख्य बँड सर्वांत शेवटी वाजवतो, म्हणजे तो मंचावर येताना आम्ही व्हीटीकडे निघालेले असायचो. परिणामी आमच्याकडच्यांना आधी वाजवलेले, पुढे विसरले गेलेले बँड तपशीलवार आठवतात आणि गाजलेल्या बँडची फक्त पहिली दोन गाणी. मौखिक साधने वापरताना साक्षीदार कुठल्या स्थानकावर राहत होता, हेही विचारले पाहिजे. या आठवणींत मुलींचे आवाज फार विरळ आहेत. रात्रीचा तो दीड तासाचा प्रवास हे त्यामागचे एक कारण.

८/ १९९३ मध्ये अलाहाबादहून अमित सैगल यांचे 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघू लागले. शिलाँग, बंगळूर, कोलकाता येथील बँडची नावे आम्हाला त्यातून कळली, बहुतेकांचे संगीत न ऐकताच.

९/ २००० साली ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम आले. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी. रंगभवनाच्या एका बाजूला महाविद्यालय, दुसऱ्या बाजूला रुग्णालय. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथले रॉक थांबले. खाटेवरच्या रुग्णाची बाजू चूक म्हणता येत नाही. पण दैवदुर्विलास पाहा : कार्यक्रम दहालाच संपवणाऱ्या त्या नियमामुळे बदलापूरच्या श्रोत्याला शेवटचा बँड पूर्ण ऐकता आला असता, आणि नेमके त्याच नियमांनी त्याचे रंगभवन नेले.

१०/ 'इंडिपेंडन्स रॉक' पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपला जागतिक दौरा मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. तो दिवस शुक्रवार होता. आमच्यापैकी अर्धे जण कामावरून थेट कुर्ल्याला उतरले आणि रिक्षांच्या रांगेत उभे राहिले.

११/ त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या रात्री कामा रुग्णालयालगतच्या त्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हुतात्मा झाले. 'रंगभवनची गल्ली' म्हटले की आज हीच रात्र आठवते, आणि तेच योग्य आहे. त्याआधी तिथे भिजलेली पोरे गाड्यांच्या वेळा मोजत धावत असत, एवढीच नोंद इथे करतो.

१२/ तुमच्या घरी त्या काळची तिकिटे किंवा हाताने नावे लिहिलेल्या कॅसेट असतील, तर छायाचित्र खाली टाका. तिकिटाची मागची बाजूही. माझ्याकडच्या एकावर पेनाने परतीच्या गाडीची वेळ लिहिली आहे, पण पावसाने तिचा फक्त पहिला आकडा शिल्लक ठेवला आहे.