गर्भवती विद्यार्थिनींचे हक्क (भारत)

गर्भवती विद्यार्थिनींचे हक्क : महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकत असताना दिवस गेलेल्या विद्यार्थिनीला हजेरीत सूट, रजा, हुकलेल्या परीक्षेची फेरसंधी आणि रजेनंतर त्याच अभ्यासक्रमात परतण्याची हमी देणारे नियम. भारतात या विषयावर संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. जे हक्क आहेत ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम, आयोगाचे एक पत्र, काही विद्यापीठांचे ठराव आणि उच्च न्यायालयांचे निकाल यांत विखुरलेले आहेत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे २ कोटी ७ लाख मुली उच्च शिक्षण घेत होत्या. त्यांच्यातली एखादी आई होणार असेल, तर तिचे वर्ष वाचेल की जाईल हे ती कोणत्या विद्यापीठात आणि कोणत्या अभ्यासक्रमाला आहे यावर ठरते.

बाळंतपणाच्या कायद्याचा भारतातला आरंभ मुंबईचा. गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला हा या प्रकारचा पहिला कायदा. त्याच्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदेमंडळात बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९६१ मध्ये केंद्राचा मातृत्व लाभ कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. या साऱ्या परंपरेचा पाया मात्र मालक आणि मजुरी हा आहे. जिथे पगार आहे तिथे रजा आहे. त्यामुळे वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला ही रजा मिळते, तिच्यासमोर बाकावर बसलेल्या विद्यार्थिनीला मिळत नाही.

विद्यार्थिनीची खरी अडचण हजेरीपटावर आहे. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थिती लागते. ती नसेल तर सत्र मान्य (टर्म ग्रँट) होत नाही आणि परीक्षेचा अर्ज पुढे जात नाही. विधी अभ्यासक्रमासाठी बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी ठरवली. अपवादात्मक कारणासाठी ती ६५ पर्यंत खाली येऊ शकते, त्याखाली नाही. एम.एड.सारख्या शिक्षक-प्रशिक्षणात तासांना व प्रात्यक्षिकांना ८० आणि प्रत्यक्ष क्षेत्रकामाला ९० टक्के उपस्थिती लागते. आता साधा हिशेब करावा. सत्रात शिकवण्याचे ९० दिवस धरले तर ७५ टक्क्यांच्या नियमात २२ दिवस गैरहजर राहता येते, ८० टक्क्यांच्या नियमात १८. आपल्याकडे बाळंतीण एरवीच सव्वा महिना घरात असते. त्यात शेवटच्या महिन्यातली विश्रांती, तपासण्या, सिझेरियन झाले असेल तर टाक्यांचे दिवस आणि अंगावर पिणारे मूल हे सगळे मिळवले, की अभ्यासात कितीही हुशार मुलगी या चौकटीत बसत नाही.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत महाराष्ट्रात अजून घट्ट आहे. महाविद्यालय सासरच्या गावाजवळ, बाळंतपण माहेरच्या गावी आणि परीक्षा केंद्र पुन्हा तिसरीकडे, अशी ओढाताण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. पदवीचे वय आणि पहिल्या बाळंतपणाचे वय एकमेकांवर येते ते असे.

न्यायालयांची वाट सरळ नाही. दिल्ली उच्च न्यायालयात २०१० मध्ये न्या. कैलाश गंभीर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या गर्भवती विधी-विद्यार्थिनींच्या बाजूने निकाल दिला : केवळ गरोदरपणामुळे हजेरी कमी पडली म्हणून परीक्षा नाकारणे हे राज्यघटनेला आणि स्त्री-समानतेला धरून नाही. २०१६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने कण्णूर विद्यापीठाच्या बी.एड.च्या विद्यार्थिनीला मात्र सवलत नाकारली. २०१८ मध्ये दिल्लीतच दुसऱ्या एकल पीठाने विधी शाखेच्या विद्यार्थिनीची याचिका फेटाळली. एलएल.बी. हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, त्याचे हजेरीचे नियम कडक आहेत आणि त्यांत मातृत्वासाठी सूट लिहिलेली नाही, हा त्यामागचा विचार. एकाच न्यायालयात, एकाच विद्यापीठाबाबत, आठ वर्षांच्या अंतराने असे दोन उलट निकाल लागतात, कारण न्यायाधीशांपुढे ठेवायला कायद्याचे कलमच नसते.

दिशा बदलली ती २०२१ मध्ये. उत्तर प्रदेशातल्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम तंत्रशास्त्र विद्यापीठाची बी.टेक.ची एक विद्यार्थिनी गरोदरपणामुळे आणि बाळंतपणामुळे काही पेपर देऊ शकली नव्हती आणि विद्यापीठ तिला जादा संधी द्यायला तयार नव्हते. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. अजय भनोत यांनी घटनेच्या कलम १४, १५(३) आणि २१ चा आधार घेऊन तिला दिलासा दिला. पण ते तिच्या एकटीच्या पेपरांवर थांबले नाहीत. प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरच्या आधाराचे, परीक्षेच्या जादा संधीचे आणि अभ्यासक्रमाची मुदत वाढवण्याचे नियमच विद्यापीठाने तयार करावेत, असा आदेश त्यांनी दिला. या विषयावरचा हा सर्वांत मोलाचा निकाल म्हणावा लागेल, कारण त्याने नियम नसणे हाच दोष मानला. तोवर नियम नसणे हे नकाराचे कारण होत असे.

मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात न्या. पुरुषेंद्र कुमार कौरव यांच्यापुढे मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठाचे प्रकरण आले. एम.एड.च्या विद्यार्थिनीने प्रसूती रजा मागितली होती आणि नियमात तरतूद नाही म्हणून ती नाकारली गेली होती. शिक्षणाचा हक्क आणि मूल होऊ देण्याचा हक्क यांतला एक निवडायला नागरिकाला भाग पाडता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तिच्या ५९ दिवसांच्या रजेचा पुन्हा विचार करावा आणि त्यानंतर तिची तासांची हजेरी ८० टक्के भरत असेल तर तिला परीक्षेला बसू द्यावे, असा आदेश निघाला.

नियमांच्या बाजूने पाहिले तर सर्वांत पक्का आधार संशोधक विद्यार्थिनींना आहे. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी एम.फिल. आणि पीएच.डी.च्या संपूर्ण काळात एकदा, २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा दिली. २०२२ च्या नव्या विनियमांनीही पीएच.डी.साठी ती कायम ठेवली. शिवाय स्त्रियांना प्रबंधासाठी दोन वर्षे जादा मिळतात. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी मात्र आयोगाने १४ डिसेंबर २०२१ रोजी विद्यापीठांना फक्त पत्र पाठवले. स्त्री-विद्यार्थ्यांच्या प्रसूती रजेसाठी, हजेरीच्या सवलतीसाठी आणि परीक्षा-अर्जाच्या वाढीव मुदतीसाठी योग्य नियम करावेत, असे त्यात सांगितले आहे. किती दिवस, कोणत्या पुराव्यावर, प्रात्यक्षिके कशी भरून काढायची, हे ठरवणे विद्यापीठांवर सोडलेले आहे. विनियम पाळावा लागतो, पत्राला तसे बळ नसते.

केरळने हे पत्र मनावर घेतले. कोट्टयमच्या महात्मा गांधी विद्यापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांवरील पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूती रजा दिली आणि पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने उच्च शिक्षण विभागाखालच्या विद्यापीठांसाठी तसा आदेश काढला. त्याच आदेशाने मासिक पाळीचा विचार करून मुलींसाठी हजेरीची अट ७५ वरून ७३ टक्के केली.

लग्न झालेले असणे ही या हक्कांची अट नाही, असू नये. गर्भपाताच्या कायद्यातही हेच दिसते : १९७१ चा हा कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्याचा अर्थ लावताना २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदींतून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही, असे ठरवले. गर्भपातासाठी अठराच्या आतल्या मुलीला मात्र पालकांची संमती लागते आणि बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू होतो. त्याच निकालाने, मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास तिचे नाव पोलिसांना न कळवण्याची मुभा डॉक्टरांना दिली. अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयांत याची माहिती असणे फार गरजेचे आहे.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे, कारण तिथे कायदा पन्नासहून अधिक वर्षे जुना आहे. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ने केंद्रीय निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली आणि १९७५ च्या नियमांनी गरोदरपण, बाळंतपण व गर्भपात त्यात स्पष्टपणे आणले. डॉक्टर सांगतील तितके दिवस रजा आणि परतल्यावर रजेआधीचाच दर्जा, हा त्याचा गाभा. स्तनपानासाठी जागा वगैरे नव्या तरतुदी आणणारे २०२४ चे नियम केंटकीतल्या केंद्रीय न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केले. जुना गाभा टिकून आहे. तिथे विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या मराठी मुलींना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते : वैद्यकीय कारणासाठी विषय कमी करता येतात, पण त्यासाठी विद्यापीठाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते आणि एका पदवीपातळीवर ही मुभा एकूण १२ महिन्यांचीच असते.

भारतात अर्ज नाकारला गेला तर दाद मागण्याची सोय आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांत आहे. विद्यार्थिनीने डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून प्राचार्यांकडे अर्ज करावा, त्यात आयोगाच्या १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राचा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. नकार आल्यास महाविद्यालयाची तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल असतो. समितीला १५ कामाचे दिवस, अपिलाला १५ दिवस आणि लोकपालाला ३० दिवस, अशी मुदत ठरलेली आहे. हे सगळे दिवस पुरते वापरले गेले तर दोन महिने जातात आणि तेवढ्यात सत्राची परीक्षा होऊन गेलेली असते. अशा प्रकरणांतल्या मुली परीक्षेच्या तोंडावर थेट उच्च न्यायालयात जातात, त्या याच कारणाने.