हलणारी डबी

१९८१ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स ८१ हा घरगुती कॉम्प्युटर विकायला आणला. तयार यंत्र ७० पौंडांना. मेमरी मात्र १ केबी, म्हणजे हजारेक अक्षरं. आपल्या बैठकीचा वृत्तांतही त्यात मावला नसता, आणि त्यातलीही जागा पडदा खायचा!

म्हणून मागे १६ केबीची डबी खोचायची. सुरुवातीला तिचीच किंमत ५० पौंड. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, त्यातलीच गत. शिवाय ती सैल बसायची. कळ जोरात दाबली, डबी हलली, की तासन्‌तास टाइप केलेलं सगळं गेलं. लोक तिला चिकटपट्टी लावायचे. शहाणे मधूनमधून काम कॅसेटवर उतरवून ठेवायचे. कॅसेट साधीच, गाणी ऐकायची असते तीच.