कोलोन कॅथेड्रलची चित्रविरहित खिडकी

धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव जवळ आला म्हणजे देवळाची डागडुजी निघते, भिंतींना रंग दिला जातो, एखादी नवी वेदी किंवा रंगीत कांचेची खिडकी बसवावी असा विचार पुढें येतो. आणि मग तींत कोणत्या संताची प्रतिमा असावी यावर चार जाणत्या मंडळींत मतभेद होतात. असे मतभेद लहान गांवांतच होतात असें मात्र नाहीं. जर्मनी देशांतील कोलोन शहराच्या जगप्रसिद्ध कॅथेड्रलमध्यें २००७ सालीं एक प्रचंड नवी खिडकी बसविण्यांत आली, आणि तिच्यावरून कॅथेड्रलचें धर्मगुरुमंडळ व खुद्द कार्डिनल यांच्यांत उघड मतभेद झाला. त्या खिडकींत एकहि संत नाहीं, क्रूस नाहीं, शुभवर्तमानांतील एखादा प्रसंगहि नाहीं. आहेत ते केवळ रंगीत कांचेचे चौकोनी तुकडे. अशा खिडकीला प्रभुमंदिरांत स्थान असावें कीं नसावें, या प्रश्नाचा इतिहासाच्या साहाय्यानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या मंदिराविषयीं दोन शब्द. बालयेशूच्या दर्शनास पूर्वेकडून आलेल्या ज्या तीन राजांचा सण गोव्यांत रेइश मागुश येथें मोठ्या थाटानें साजरा होतो, त्यांचे म्हणून पूज्य मानलेले अवशेष ११६४ सालीं आर्चबिशप रायनाल्ड फॉन डासेल यांनीं मिलान शहरांतून कोलोनला आणिले. यात्रेकरूंची रीघ लागली आणि जुनें देऊळ अपुरें पडूं लागलें. तेव्हां १२४८ सालीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीं, सध्यांच्या मंदिराचा पाया घालण्यांत आला. सोळाव्या शतकांत काम थांबलें, तें १८४२ सालीं पुन्हां सुरू झालें आणि १८८० सालीं पुरें झालें. पायाभरणीपासून पूर्ततेपर्यंत ६३२ वर्षें लोटलीं! अशा मंदिरांत जी वस्तु नवी बसवावयाची, ती शतकांच्या पंक्तीला बसावयाची असते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां कांचेविषयीं. देवळाच्या खिडक्यांची जुन्या पद्धतीची कांच यंत्रानें नव्हे, तर मनुष्याच्या श्वासानें तयार होते. बाराव्या शतकाच्या आरंभीं थिओफिलस हें नांव धारण करणाऱ्या एका धर्मगुरूनें आपल्या लॅटिन ग्रंथांत ही कृति लिहून ठेविली आहे. भट्टींत वितळलेल्या कांचेचा गोळा लांब, पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर घेऊन कारागीर त्यांत फुंकर घालतो. फुगलेला गोळा झुलवीत व फिरवीत लांबविला कीं त्याचें नळकांडें होतें. त्याचीं दोन्ही टोकें कापून तें उभें चिरतात, पुन्हां तापवितात, आणि मऊ झालें म्हणजे उलगडून त्याचा सपाट तक्ता करितात. हा तक्ता फार सावकाश थंड करावा लागतो. घाई केली तर तडकतो. कोबाल्टानें निळा, मँगनीजनें जांभळा, तांब्यानें हिरवा किंवा लाल असा रंग कांचेच्या अंगांतच मुरतो. अशा कांचेंत बारीक बुडबुडे व लाटा राहतात, जाडी सर्वत्र सारखी नसते, आणि म्हणूनच तींतून येणारा प्रकाश जिवंत वाटतो. बव्हेरियांतील वाल्डसासेन गांवीं हें काम अद्यापि चालतें. परंतु असे कारखाने जगांत आतां मोजकेच उरले आहेत. २०२३ सालीं युनेस्को संस्थेनें जर्मनी, फ्रान्स, स्पेन, चेकिया, हंगेरी व फिनलंड या सहा देशांच्या विनंतीवरून हातानें कांच घडविण्याची विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशांत समाविष्ट केली.

मंदिराच्या दक्षिण बाहूची मोठी खिडकी एकोणिसाव्या शतकांतील होती. दुसऱ्या महायुद्धांत ती नष्ट झाली आणि तिच्या जागीं साधी, फिकट कांच आली. दक्षिणेचें ऊन तींतून प्रखरपणें आंत येई. शेवटीं नवी खिडकी करण्याचें ठरलें. मूळ योजना अशी होती, कीं तींत विसाव्या शतकांतील रक्तसाक्षी चितारावे: कोलोनच्याच कार्मेल मठांत १९३३ सालीं प्रवेश केलेली आणि १९४२ सालीं आउशवित्स येथें ठार मारली गेलेली संत एडिथ स्टाइन, तसेंच १९४१ सालीं त्याच छळछावणींत दुसऱ्या एका कैद्याच्या जागीं स्वतः मरण पत्करणारे धर्मगुरु संत माक्सिमिलियन कोल्बे, इत्यादि. काम सोपविलें तें गेर्हार्ड रिख्टर या नामांकित चित्रकाराकडे. १९३२ सालीं ड्रेसडेन येथें जन्मलेले व बरींच वर्षें कोलोनमध्यें राहिलेले हे गृहस्थ धर्माचरण करणारे नव्हते. तरी ख्रिस्तसभेविषयीं आपणांस आपुलकी वाटते असें ते सांगत. त्यांनीं विचार केला आणि तें भीषण हौतात्म्य या खिडकींत चितारणें आपणांस साधणार नाहीं असें त्यांना दिसून आलें. त्याऐवजीं १९७४ सालच्या आपल्याच एका चित्रावरून, ज्यांत केवळ ४०९६ रंगीत चौकोन होते, त्यांनीं नवी योजना पुढें केली.

त्याप्रमाणें तोंडानें फुंकलेल्या कांचेचे ११,२६३ चौरस तुकडे कापण्यांत आले. प्रत्येकाची बाजू दहा सेंटिमीटरांहून किंचित कमी. रंग ७२, तेहि मनास येतील ते घेतले नाहींत, तर मंदिराच्या जुन्या खिडक्यांत आढळणारे रंग पाहून निवडले. निम्म्या भागांत कोणत्या रंगाशेजारीं कोणता रंग यावा हें संगणकाकडून यदृच्छेनें ठरविलें, आणि उरलेला निम्मा भाग आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें त्याचीच जोड म्हणून केला. रिख्टर यांनीं मोबदला घेतला नाहीं. सुमारे ३,७०,००० युरोंचा खर्च हजाराहून अधिक देणगीदारांनीं सोसला. २५ ऑगस्ट २००७ रोजीं खिडकीचें अनावरण झालें.

त्या समारंभास आर्चबिशप कार्डिनल योआखिम माइसनर उपस्थित नव्हते. ही खिडकी एखाद्या मशिदीला किंवा अन्य प्रार्थनागृहाला अधिक शोभली असती. नवी खिडकी करावयाचीच तर तींत आमच्या श्रद्धेचें प्रतिबिंब पडावयास हवें, अशा आशयाचें मत त्यांनीं उघडपणें व्यक्त केलें. या मतास क्षुल्लक समजणें योग्य होणार नाहीं. सहाव्या शतकाच्या अखेरीस मार्सेयच्या बिशपनें आपल्या देवळांतील चित्रें फोडून टाकिलीं, तेव्हां थोर संत पोप ग्रेगरी यांनीं त्यास पत्र लिहून समज दिली कीं, ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांचें वाचन चित्रांतूनच होतें. म्हणजे देवळाची भिंत ही धर्मशिक्षणाची पाटी आहे, हें आमच्या मातेचें जुनेंच मत आहे.

परंतु इतिहासाची दुसरीहि साक्ष आहे. बाराव्या शतकांत सिस्तर्शियन मठवासीयांनीं असा नियम केला कीं, आपल्या देवळांच्या खिडक्या पांढऱ्या व चित्रविरहित असाव्या. कोलोनजवळच आल्टेनबेर्ग येथें त्यांच्या देवळांत करड्या कांचेवर केवळ पानांची नक्षी काढलेल्या जुन्या खिडक्या आजहि पाहावयास मिळतात. आणि त्या मठवासीयांची श्रद्धा उणी होती असें कोण म्हणेल? खुद्द कोलोनच्या कॅथेड्रलमध्यें, गाभाऱ्यावरील चौदाव्या शतकाच्या आरंभींच्या उंच खिडक्यांत ४८ राजे उभे आहेत खरे. पण ते केवळ खालच्या पट्टींत. त्यांच्या वरचा सारा विस्तार रंगीत नक्षीनेंच भरलेला आहे. तेव्हां बोलणारी खिडकी आणि मौन धरणारी खिडकी, या दोहोंनाहि ख्रिस्तसभेनें आपल्या घरांत जागा दिली आहे.

आमचें मत विचाराल तर तें असें. ज्या मंदिरांत सभोंवार संतांच्या व शास्त्रप्रसंगांच्या अनेक खिडक्या आहेत, तेथें एक खिडकी मौन राहिली तर हानि नाहीं. दुपारीं ऊन आलें कीं तिचे रंग जुन्या दगडांवर व जमिनीवर उतरतात, आणि पाहणारा गप्प होतो. गप्प होणें ही प्रार्थनेची पहिली पायरी आहे. तथापि संत एडिथ व संत माक्सिमिलियन यांची जी खिडकी व्हावयाची होती ती झाली नाहीं, याची हुरहुर आम्हांस वाटते, आणि ती लपविण्याचें कारण नाहीं. ज्या लहान देवळांत एकच रंगीत खिडकी बसविण्याची ऐपत आहे, तेथें आम्ही तरी संताचीच प्रतिमा मागूं. कारण तेथील बालकांनीं बोट दाखवून हा कोण असें विचारावयास हवें, आणि आजीनें त्याची कथा सांगावयास हवी.

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांस मान्य व्हावी. त्या ११,२६३ तुकड्यांपैकीं प्रत्येक तुकडा कोणा कारागिराच्या श्वासानें घडला आहे. मातीच्या मनुष्यांत परमेश्वरानें प्राण फुंकला असें आम्ही मानतों. वाळूच्या रसांत मनुष्य फुंकर घालतो आणि तिच्यांतून प्रकाश वाहूं लागतो. त्या कारागिरांचीं नांवें खिडकीवर नाहींत. आमचीं देवळें ज्यांनीं दगड वाहून व मुठीमुठीनें दान देऊन उभारिलीं, त्यांचीं नांवें तरी भिंतींवर कोठें आहेत? तीं प्रभूच्या वहींत आहेत. महोत्सवाच्या या दिवसांत त्यांचें स्मरण करावें, आणि आपलें देऊळ बोलकें असो वा मौन, तें प्रकाशानें भरलेलें राहो, अशी प्रार्थना करावी.