बॅजर, डुक्कर आणि घुसखोर घोडा

दाढीच्या ब्रशाच्या शौकिनांत दोन तट असतात, एक बॅजरवाल्यांचा आणि दुसरा डुकरवाल्यांचा. वाद सगळा फेसाचा. पण या वादात एकदा तिसराच प्राणी घुसला आणि त्यापायी माणसं दगावली, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही.

बॅजर हा बिळात राहणारा, युरोप-आशियातला प्राणी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये त्याच्या केसांचे ब्रश रुळले. पॅरिसची प्लिसॉन ही कंपनी 1808 सालची. हा केस मध्ये जाड आणि टोकाला निमुळता असतो, रंगाने फिका, मध्यभागी काळा पट्टा. टोकं मऊ म्हणून गालाला टोचत नाहीत, आणि केसांच्या दाट झुबक्यात पाणी भरपूर राहतं. डुकराचा केस राठ, ताठ, टोकाशी दुभंगलेला. तो पाणी स्वतःच पितो, त्यामुळे वापरण्याआधी काही मिनिटं भिजत ठेवावा लागतो. नवा असताना टोचतो, वासही मारतो. काही आठवडे गेले की टोकं आणखी चिरतात आणि तोच ब्रश मऊ पडतो. ताठपणामुळे साबणाच्या कडक वडीवरून तो भराभर साबण उचलतो. इथे बॅजर जरा कमी पडतो, असं माझं मत.

बॅजर महाग, म्हणून नक्कल आली. घोड्याचे केस रंग उडवून पांढरे करायचे, मध्ये काळा पट्टा रंगवायचा, की झाला 'बॅजर'. पहिल्या महायुद्धाने या नकलेला मोठं गिऱ्हाईक मिळवून दिलं. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसायचा तर दाढी चालत नव्हती, म्हणून लाखो सैनिकांना रोज दाढी करणं भाग पडलं. ब्रश हवे होते, तेही ताबडतोब. केसांचा जुना व्यापार युद्धाने विस्कटला होता. पूर्वेकडून आलेले घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करताच ब्रशांत बसवले गेले, आणि त्यांतल्या काहींत अँथ्रॅक्सचे बीजाणू होते. हा तोच रोग, ज्याला आपल्या गोठ्यांत काळपुळी म्हणतात. वस्तऱ्याने कातडी जराशी कापली की जंतूंना वाट मोकळी. इंग्लंड-अमेरिकेत सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेहून जास्त जणांना ही बाधा झाली. 1920 मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. यात ना बॅजरचा दोष होता, ना डुकराचा. तरी बदनामी मात्र सगळ्याच ब्रशांच्या वाट्याला आली.

पुढे नायलॉन आलं. ड्यूपाँटचा हा धागा 1938 मध्ये आधी दातांच्या ब्रशात गेला आणि तिथून त्याने डुकराच्या केसांना हुसकावलं. दाढीच्या ब्रशातही कृत्रिम तंतू आता उत्तम निघतात, लवकर वाळतात, आणि प्राण्यांच्या केसांचा प्रश्नच मिटवतात. ब्रिटनमध्ये बॅजरला कायद्याचं संरक्षण आहे. आज बाजारात येणारे बॅजरचे केस मुख्यतः चीनमधून येतात.

तरीही केसांचाच ब्रश हवा असेल, तर वडीच्या साबणासाठी डुकराचा घ्यावा, ट्यूबमधल्या क्रीमसाठी बॅजरचा. डुकराचा घेतलात तर पहिल्या आठवड्यात कंटाळून तो फेकू नका. आणि वापर झाल्यावर कुठलाही ब्रश धुऊन, झटकून, उघड्यावर वाळवा. बंद डब्यात ओला कोंबू नका.