गाव बुडालं, पण गाणं कुठं गेलं?

उन्हाळ्यात डिंभे धरणाचं पाणी उतरलं की जुन्या आंबेगावची देवळं उघडी पडतात. फोटो काढायला गर्दी होते. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते घोड नदीच्या पाण्याखाली गेलं, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. पण आसपासच्या महादेव कोळी वाड्या-वस्त्यांचं आणखी काय काय बुडालं, त्याचा हिशोब कुणी मांडला?

पंचनाम्यात घर, जमीन, झाड, विहीर यांची किंमत लागते. जात्यावरच्या ओवीची लागत नाही. त्या ओवीत गावचा ओढा, शेताचं नाव, शिवेवरचा वाघोबा असतो. वाघबारशीला जिथं नैवेद्य ठेवायचा ती जागाच पाण्यात गेली, तर नातवाला तिची गोष्ट कुठं उभं राहून सांगायची?

बरं, हा विषय नुसत्या गाण्यांचा नाही. जांभोरीचे होनाजी केंगले १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध उठले, १८७६ साली पकडले गेले. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये ते टोळीवाले म्हणून येतात. पकडणारं सरकार इंग्रजांचं, लिहिणारंही तेच. आदिवासींची बाजू राहिली ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. ती माणसं आता एकेक करून चाललीत.

हे काम होण्यासारखं आहे. निमगिरीच्या डॉ. गोविंद गारे यांनी आपल्याच समाजाचा इतिहास स्वतः लिहून दाखवला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्याही गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट.

१९९६ च्या पेसा कायद्यानं परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी गावं त्यात येतात. मात्र ज्यांचं पुनर्वसन त्या क्षेत्राबाहेर झालं, त्यांना हा आधारही नाही. धरणानं जमीन घेतली आणि हा हक्कही मागंच राहिला.

म्हणून पेसा गावांनी पुढच्या ग्रामसभेत एक ठराव घ्यावा : आजी-आजोबांना विचारून, त्यांच्या नावानं गाणी-गोष्टी रेकॉर्ड करायच्या, एक प्रत गावच्या शाळेत ठेवायची आणि बाहेर गेलेल्या भावकीलाही त्यात धरायचं. मोबाईल घरोघरी आहे. धरणाचं पाणी दरवर्षी उतरतं, गेलेलं माणूस परत येत नाही.