सटवाईच्या आधीचा कागद

बाळंतपण कसं करायचं ते आधी कागदावर मांडायचं, हे आजकालच्या मुलींचं खूळ आहे असं माझ्या वयाच्या बायका म्हणतात. मला ते पटत नाही. जुन्या नाशिकच्या आमच्या वाड्यात सगळं ठरलेलंच असे. आजीच्या डोक्यात असे, इतकंच. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला माहेरी आणायचं. भद्रकालीतून बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, डिंक, अळीव, खारीक आणून निवडून ठेवायचं. जुनी मऊ लुगडी उकळून उन्हात वाळवायची. माजघरालगतची अंधारी खोली सारवायची, बाज आवळून घ्यायची, शेकशेगडीसाठी गोवऱ्या बाजूला काढायच्या. नववा लागला की सुईणीला निरोप जाई. रात्री जागायचं कोणी, थोरल्या पोरांना झोपवायचं कोणाजवळ, हेसुद्धा ठरलेलं.

अडलं तर काय, हे मात्र कोणी ठरवत नसे. मूल आडवं आलं, वार पडली नाही, रक्त थांबेना, तर आजीकडे देव पाण्यात ठेवण्यापलीकडे उपाय नव्हता.

पेठ तालुक्यात नर्स म्हणून लागले तेव्हा या एका उणिवेपायी किती जीव जातात ते दिसलं. नाशिकपासून पेठ पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण वाटेत सावळघाट, पुढे कोटंबीचा घाट. आषाढात पाड्यावरून अडलेल्या बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं आणि मिळेल त्या जीपला हात करायचा. सुईणींना नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. पोटावर हात फिरवून बाळाचं डोकं कुठे आहे ते त्या अचूक सांगत, आणि बाईला एकटं सोडत नसत. दाई प्रशिक्षणात आम्ही त्यांना पाच स्वच्छता शिकवायचो: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं नवं, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि नाळेवर काहीही लावायचं नाही. कारण विळ्याने नाळ कापून वर राख किंवा शेण लावलं की आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं होई, अंग ताठ होई. लोक म्हणत, सटवाईने नेलं. तो धनुर्वात होता. गरोदर बाईला टोचायची इंजेक्शनं घेऊन आम्ही पाड्यापाड्याने हिंडलो. २०१५ साली भारतात बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं जाहीर झालं, त्या दिवशी मला त्या सगळ्या सुईणी आठवल्या.

पाचवी-सहावीच्या रात्री पाट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. बाळंतपणाच्या घरात कागद यायचा तो त्या रात्री. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि आशाताई कागद आधीच लिहू लागली: दिवस कधी भरतात, कोणत्या आरोग्य केंद्रात जायचं, तिथे जमलं नाही तर पुढे कुठे, गाडी कोणाची. हा खरा आमच्याकडचा बाळंतपणाचा आराखडा. २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत झालं; २०१४ मध्ये १०८ ची गाडी आली. ज्या आदिवासी भागांत रस्ताच धड नाही तिथे आरोग्य केंद्राजवळ माहेरघरं निघाली, दिवस भरत आले की बाईने तिथे येऊन राहावं म्हणून. राज्यात २००५-०६ च्या पाहणीत शंभरातली पासष्टच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत पंच्याण्णवच्या आसपास.

तरी कागद फसतो. पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षछाटणीला दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. कागदावर पाड्याजवळचं केंद्र लिहिलेलं आणि कळा येतात बागेतल्या झोपडीत, जिथली आशाताई तिला ओळखतही नाही. अशा बाईचं कार्ड तिच्या पिशवीत असलं पाहिजे, घरच्या पेटीत नव्हे, हे मी तेव्हाही ओरडून सांगत होते.

आणि एक गोष्ट दवाखान्यात येताना आपण मागे टाकली. घरी बाईच्या पाठीशी आई असे, काकू असे. दवाखान्यात दार लागलं की ती अनोळखी माणसांत एकटी. ‘लक्ष्य’ या २०१७ च्या सरकारी कार्यक्रमाने प्रसूतिकक्षात सोबतीला माणूस असावं असं म्हटलं, ते फार उशिरा म्हटलं.

माझ्या भाचीला आता आठवा लागलाय. तिने वहीत लिहिलंय की कळा देताना आई जवळ हवी, चालता-फिरता यावं, तपासण्याआधी विचारावं, बाळ लगेच छातीवर द्यावं. ‘तुला काय हवं?’ हे आजीच्या आराखड्यात कधी नव्हतं, आशाताईच्या रकान्यांतही नव्हतं. वाचून मला फार बरं वाटलं. मग मी पेन घेतलं आणि खाली भर घातली: तिचा रक्तगट, रक्त देऊ शकतील अशा दोघांची नावं, रात्री दोन वाजता गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर, आणि पहिल्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ नसला तर थेट कुठे जायचं ते.